न वितळणारे पनीर आणि वितळणारे चीज

दिल्लीत नव्याने राहावयास आलेल्या मराठी कुटुंबात एक प्रसंग बहुधा घडतो. शेजारच्या पंजाबी घरात पनीर किती सहजतेने वापरले जाते हे गृहिणी पाहते. पनीर दुधाचे आणि चीजही दुधाचे, मग महाग चीजऐवजी ताजे पनीर किसून पावाच्या कापावर पसरले तर मुलांची हौस भागेल, असा विचार तिच्या मनात येतो. ती तवा तापवते, पाव ठेवते, वर झाकण घालते आणि वाट पाहते. पाच मिनिटे जातात, दहा मिनिटे जातात. पाव खालून करपू लागतो, पनीरच्या कडा पिवळसर होतात, पण किसाचा कण अन् कण वेगळाच राहतो. आपले काही चुकले असावे, आच कमी पडली असावी किंवा पनीर शिळे असावे, अशी तिची समजूत होते.

वास्तविक तिचे काहीही चुकलेले नसते. आच दुप्पट केली असती तरी ते पनीर वितळले नसते, कारण त्याची घडणच मुळी न वितळण्यासाठी झालेली असते. प्रस्तुत प्रकरणात आपण या एका साध्या घरगुती अनुभवापासून आरंभ करून चीज का वितळते, पनीर का वितळत नाही आणि हे ज्ञान स्वयंपाकघरात कसे उपयोगी पडते, याचा विचार करणार आहोत. हा विचार केवळ चवीपुरता नाही. ज्याला खऱ्या चीजचे वागणे ठाऊक आहे, त्याची बाजारात फसवणूक होणे अवघड जाते.

दूध घट्ट होण्याचे तीन मार्ग

दुधातील प्रथिने मुख्यतः दोन प्रकारची असतात. एकूण प्रथिनांपैकी सुमारे चार पंचमांश भाग केसीन नावाच्या प्रथिनांचा असतो. उरलेला पंचमांश भाग निवळीत, म्हणजे दूध फाटल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्यात राहणाऱ्या प्रथिनांचा असतो. केसीन दुधात सुटे नसते. त्याचे अतिसूक्ष्म पुंजके असतात आणि कॅल्शियम व फॉस्फेट यांचे सूक्ष्म कण या पुंजक्यांना आतून सांधून ठेवतात. प्रत्येक पुंजक्याच्या पृष्ठभागावर केसीनच्याच एका प्रकाराचे केसाळ आवरण असते. या आवरणामुळे पुंजके एकमेकांना चिकटत नाहीत आणि दूध पातळ राहते.

हे दूध घट्ट करावयाचे तर तीन मार्ग आहेत. त्यांपैकी दोन आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत, जरी आपण त्यांना शास्त्रीय नावे दिलेली नाहीत.

पहिला मार्ग उष्णतेचा. खरवस हे त्याचे उत्तम उदाहरण होय. गाय किंवा म्हैस व्याल्यानंतरच्या पहिल्या चिकात निवळीतील प्रथिने साध्या दुधाच्या मानाने पुष्कळच अधिक असतात. चीक वाफेवर ठेवला की ही प्रथिने उलगडतात, परस्परांत गुंततात आणि खरवस थापला जातो. अंड्याचा पांढरा भाग शिजल्यावर घट्ट होतो, त्याच जातीची ही क्रिया आहे. एकदा शिजलेले अंडे पुन्हा तापवून पातळ करता येत नाही आणि खरवसही कितीही तापवला तरी वितळत नाही.

दुसरा मार्ग आंबटपणाचा. दही हे त्याचे रूप. विरजणातील जिवाणू दुधातील साखरेचे आम्लात रूपांतर करतात. आंबटपणा वाढत गेला की पुंजक्यांतील कॅल्शियम विरघळून निवळीत उतरते आणि केसीनचे कण एकमेकांना घट्ट बिलगतात. दही फडक्यात टांगून त्याचा चक्का केला तरी त्याच्या रचनेत फरक पडत नाही. चक्का तापवून पाहिल्यास तो वितळण्याऐवजी रवाळ होतो आणि पाणी सोडतो, हा अनुभव पुष्कळांना असेल.

तिसरा मार्ग आपल्या परंपरेत जवळजवळ नाही. तो रेनेटचा. वासराच्या जठरात दूध साकळविणारे एक विकर असते. हे विकर पुंजक्यांवरील केसाळ आवरण छाटून टाकते, परंतु पुंजक्यांच्या आतील कॅल्शियमचे सांधे बरेचसे शाबूत ठेवते. आवरण गेल्यामुळे पुंजके एकमेकांना चिकटून एक लवचीक जाळे तयार होते आणि त्यात स्निग्धांशाचे थेंब व पाणी अडकून राहते. युरोपातील बहुतेक चीज या जाळ्यापासून घडते.

आता पनीरकडे वळू. पनीर करताना आपण दूध उकळीपर्यंत तापवितो आणि त्यात लिंबाचा रस, आंबट ताक किंवा सायट्रिक आम्ल घालतो. म्हणजे पहिले दोन्ही मार्ग आपण एकदमच वापरतो. दूध तापले की निवळीतील प्रथिने उलगडून केसीनला जखडली जातात आणि वरून आंबटपणा पडला की सारेच एकत्र साकळते. शिजलेल्या प्रथिनांचा हा सांगाडा उष्णतेने सैल होत नाही. खरवस, चक्का आणि पनीर ही या दृष्टीने एकाच कुळातील भावंडे आहेत. पनीर वितळत नाही, यात आश्चर्य करण्याजोगे काही नाही.

चीज वितळते म्हणजे काय होते

बर्फ वितळतो, लोणी वितळते, त्या अर्थाने चीज वितळत नाही. त्यात दोन घटना एकामागून एक घडतात. तापमान ३० ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत गेले की चीजमधील स्निग्धांश पातळ होतो. चीज मऊ पडते आणि त्याच्या पृष्ठभागावर तुपाचे बारीक थेंब दिसू लागतात. पुढे तापमान वाढत जाऊन मोझरेला जातीचे चीज असल्यास ५५ अंशांच्या आसपास आणि चेडर जातीचे असल्यास ६५ अंशांच्या आसपास केसीनच्या जाळ्याचे बंध सैल होतात. मग ते जाळे स्वतःच्या भाराने खाली बसते व वाहू लागते. यालाच आपण चीज वितळले असे म्हणतो. पार्मेझानसारख्या फार कोरड्या व जुन्या चीजमध्ये पाणी इतके थोडे असते की त्याला सुमारे ८० अंशांपर्यंत तापवावे लागते.

या दुसऱ्या घटनेत कॅल्शियमला मोठे महत्त्व आहे. ते फार असेल तर जाळे ताठ राहते. ते अगदीच निघून गेले तर केसीन दह्याप्रमाणे घट्ट बिलगते. मधल्या अवस्थेत मात्र जाळे सैलही होते आणि तुटतही नाही. पिझ्झावरील चीजची लांब तार ही या मधल्या अवस्थेची खूण होय. केसीनचे धागे कॅल्शियमने परस्परांशी जोडलेले असतात, म्हणून ओढले असता ते एका दिशेने रांगेत येतात.

या ज्ञानातून स्वयंपाकाचा पहिला नियम निघतो: चीजला मंद आच हवी. आच फार झाली तर सैल झालेले जाळे पुन्हा आवळते, पाणी बाहेर पडते, तूप वेगळे होते आणि मागे रबरासारखा चिवट गोळा उरतो. हा गोळा पुन्हा मऊ होत नाही. चीज बिघडते ते बहुधा आच कमी पडल्याने नव्हे, तर जास्त झाल्याने, हे ध्यानात ठेवावे.

म्हशीचे दूध आणि भारतीय चीज

वर सांगितलेले बहुतेक शास्त्र युरोपात गायीच्या दुधावर उभे राहिले. उत्तर भारतात मात्र दूध म्हटले की ते पुष्कळ अंशी म्हशीचे. दिल्लीच्या पश्चिमेला व उत्तरेला पसरलेला रोहतक, जिंद, हिसार हा टापू मुऱ्हा म्हशींचे माहेर आहे आणि या म्हशींच्या दुधात स्निग्धांश ७ टक्क्यांच्या आसपास असतो. दिल्लीपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर कर्नाल येथे राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्था आहे. १९२३ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय १९५५ साली कर्नालला हलविण्यात आले. म्हशीच्या दुधाच्या गुणधर्मांचा तेथे दीर्घकाळ अभ्यास झाला आहे.

म्हशीच्या दुधात स्निग्धांशाबरोबर केसीन व कॅल्शियमही गायीच्या दुधापेक्षा अधिक असते. पनीरसाठी हे वरदान आहे, कारण पनीर घट्ट, पांढरेशुभ्र आणि वजनाला भरपूर उतरते. चेडरसारख्या चीजसाठी मात्र तीच गोष्ट अडचणीची ठरते. चीज कोरडे व कडक होते आणि मुरताना त्याला चव यावयास अधिक काळ लागतो. शिवाय म्हशीच्या दुधात पिवळेपणा देणारे कॅरोटीन नसते. गायीच्या दुधातील हे द्रव्य म्हैस आपल्या शरीरातच अ जीवनसत्त्वात बदलून टाकते. त्यामुळे भारतीय चीजला पिवळी छटा देण्यासाठी शेंदरीच्या बियांचा रंग वापरतात.

गुजरातेत आणंद येथे सहकारी दूध संघाने या अडचणींवर मात केली, हा आपल्या दुग्धव्यवसायाच्या इतिहासातील अभिमानास्पद भाग आहे. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना हरिचंद मेघा दलाया यांनी ती करून दाखविली आणि १९५५ साली आणंदचा कारखाना सुरू झाला. पुढे त्याच संघाने म्हशीच्या दुधापासून चीजही तयार केले. डब्यात बंद केलेले हे चीज हाच कित्येक भारतीय घरांचा चीजशी पहिला परिचय होता.

डब्यातील चीज मात्र साधे चेडर नव्हते. ते प्रक्रिया केलेले चीज होते आणि त्याचा जन्म स्वित्झर्लंडमधील. थून या गावी वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी १९११ साली एक युक्ती शोधली. किसलेले चीज सोडियम सायट्रेट या क्षाराबरोबर तापविले तर तूप वेगळे होत नाही, सारे मिश्रण एकजीव होते आणि थंड झाल्यावर पुष्कळ दिवस टिकते, असे त्यांना आढळले. दूरच्या उष्ण देशांत पाठविता येईल असे चीज हवे, हा त्यामागील हेतू होता. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी याच स्वरूपाच्या प्रक्रियेचे एकस्व १९१६ साली मिळविले. भारतासारख्या देशात, जेथे कित्येक घरांत शीतकपाट नव्हते, तेथे हेच चीज रुजावे हे स्वाभाविकच होते.

सोडियम सायट्रेट नेमके करते काय? ते केसीनच्या जाळ्यातील कॅल्शियम काढून घेते व त्याच्या जागी सोडियम ठेवते. सांधा सुटल्याने केसीन मोकळे होते आणि स्निग्धांशाच्या थेंबांभोवती आवरण धरून त्यांना पाण्यात सांभाळून ठेवते. अशा क्षारांना पायसकारी क्षार म्हणतात. म्हणूनच आपल्याकडील प्रक्रिया केलेल्या चीजची वडी तव्यावर मऊ होते, क्वचितच तूप सोडते, परंतु तार मात्र धरीत नाही. तारेसाठी लागणारे कॅल्शियमचे सांधेच त्यात उरलेले नसतात. टोस्ट व सॉससाठी हे चीज उत्तम होय, पण पिझ्झावर तार हवी असेल तर मोझरेलाच घ्यावे.

दिल्लीच्या ताटातील दोन प्रवाह

१९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीच्या खाद्यजीवनाला नवे वळण दिले. तंदूर आणि पनीर यांचा प्रसार त्यांच्याबरोबर झाला. मटर-पनीर, पालक-पनीर, पनीर टिक्का हे पदार्थ आज दिल्लीचेच वाटतात. या साऱ्या पदार्थांत पनीरचा न वितळण्याचा गुणच उपयोगी पडतो. तंदुराच्या प्रखर उष्णतेत सळईवर टिकून राहणे किंवा रश्शात उकळूनही चौकोनी आकार न सोडणे हे कोणत्याही वितळणाऱ्या चीजला जमणार नाही. १९५९ साली दिल्ली दुग्ध योजना आणि १९७४ साली मदर डेअरी सुरू झाली, तेव्हा पाश्चरीकृत दूध शहरात नियमितपणे मिळू लागले आणि घरी पनीर करणेही सोपे झाले.

दुसरा प्रवाह पुष्कळ उशिरा आला. कॅनॉट प्लेसमधील उपाहारगृहांतून पिझ्झाची ओळख दिल्लीकरांना १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात होऊ लागली. १९९६ साली एका अमेरिकन पिझ्झा कंपनीने आपले भारतातील पहिले दुकान दिल्लीतच उघडले. त्यानंतर वितळलेले चीज नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरिदाबाद येथील घराघरांत पोहोचले. आज पराठ्याच्या सारणात, पावभाजीवर, इतकेच काय पण डोशावरही ते दिसते.

वितळणारे चीज भारतात मुळीच नव्हते, असे मात्र नाही. जम्मूच्या डोंगराळ भागात, विशेषतः उधमपूर व रामनगर परिसरात, गुज्जर पशुपालक कलाडी नावाचे चीज करतात. कच्चे दूध बेताचे तापवून त्यात आंबट निवळी घालतात, जमलेला गोळा गरम असतानाच ओढून-ताणून त्याच्या चपट्या चकत्या करतात आणि त्या सुकवितात. खाताना ही चकती तव्यावर ठेवली की स्वतःच्याच तुपात बाहेरून खरपूस होते व आतून वितळून तार धरते. दूध उकळलेले नसते आणि आंबटपणा बेताचा असतो, या दोन गोष्टींत तिचे रहस्य आहे.

घरी वितळणारे चीज करण्याची रीत

कलाडीच्या या रहस्यावरून घरगुती रीत सहज समजते. तिच्यासाठी रेनेट लागत नाही.

पिशवीतील एक लिटर पाश्चरीकृत, पूर्ण स्निग्धांशाचे दूध घ्यावे. अशा दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो. पाश्चरीकरण झालेले असल्याने ते निर्धोक असते आणि तरीही त्यातील निवळीची प्रथिने फारशी शिजलेली नसतात. घरी उकळलेले दूध किंवा महिनोन् महिने टिकणारे खोक्यातील दूध येथे चालत नाही, कारण अतिशय तापविल्याने त्याचे पनीरच होते. कच्चे सुटे दूधही वापरू नये, कारण या रीतीत आरंभी दूध उकळले जात नाही.

दूध मंद आचेवर ४५ अंशांपर्यंत तापवावे. तापमापक नसल्यास बोट बुडवून पाहावे. दूध चांगले गरम लागावे, परंतु चार-पाच क्षण बोट आत ठेवता यावे. आच बंद करून तीन ते चार मोठे चमचे पांढरा व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून हळूहळू घालावा व अलगद ढवळत राहावे. निवळी स्वच्छ, किंचित हिरवट दिसू लागली की व्हिनेगर घालणे थांबवावे. झाकण ठेवून दहा मिनिटे थांबावे, मग गोळा जमवून, दाबून पाणी काढावे. दुसऱ्या भांड्यात सुमारे ७५ अंशांचे पाणी घेऊन त्यात गोळा झाऱ्यावर धरून बुडवावा, बाहेर काढून चमच्याने दुमडावा आणि असे तीन-चार वेळा करावे. गोळा गुळगुळीत होऊन ताणला जाऊ लागला की मीठ लावून थंड पाण्यात टाकावा. हे ताजे, पिझ्झायोग्य चीज झाले. एका लिटरमागे साधारणतः दीडशे ते दोनशे ग्रॅम चीज मिळते. एकजिनसी केलेल्या, म्हणजे वर साय न धरणाऱ्या दुधाचा गोळा कमी ताणला जातो, हे लक्षात घ्यावे.

गोळा ताणला गेला नाही तरी श्रम वाया जात नाहीत. त्याचे प्रक्रिया केलेले चीज करता येते. थून येथील शोध येथे कामी येतो, कारण सोडियम सायट्रेट घरच्या घरी बनते. दोनशे ग्रॅम गोळ्यासाठी ४ ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे जवळजवळ एक सपाट लहान चमचा, दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवावे. दिल्लीच्या किराणा दुकानांत हे टाटरी किंवा नींबू सत या नावाने मागतात. पुडीवर सायट्रिक आम्ल असे लिहिलेले आहे याची खात्री करून घ्यावी. त्यात ५ ग्रॅमपर्यंत खाण्याचा सोडा थोडा थोडा घालावा. फेस येतो आणि विरतो. सोडा घालूनही फेस येईनासा झाला की थांबावे. सोडा जास्त झाला तर चीजला साबणासारखी चव येते. हे पाणी, कुस्करलेला गोळा, एक-दोन मोठे चमचे लोणी आणि चवीपुरते मीठ एका भांड्यात घेऊन ते भांडे उकळत्या पाण्यावर ठेवावे व सतत ढवळावे. पाच ते आठ मिनिटांत कण नाहीसे होऊन चकचकीत, एकजीव मिश्रण होते. तूप लावलेल्या डब्यात ओतून चार-पाच तास शीतकपाटात ठेवले की वडी तयार होते. ती आठवडाभरात संपवावी. दिल्लीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि वीज गेली की शीतकपाटही विश्वासाचे राहत नाही, म्हणून त्या दिवसांत थोडेच करावे.

उरलेली निवळी फेकू नये. कणीक भिजविण्यास किंवा डाळ शिजविण्यास ती उत्तम असते.

वितळविण्याच्या काही रीती

टोस्टसाठी चीज शीतकपाटातून अर्धा तास आधी बाहेर काढावे आणि बारीक किसावे. तव्यावर लोणी लावून पाव ठेवावा, वर कीस पसरावा, तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब टाकून लगेच झाकण घालावे. वाफेमुळे चीज पाव करपण्यापूर्वी वितळते.

सॉससाठी एक मोठा चमचा लोण्यात एक मोठा चमचा मैदा मंद आचेवर परतावा, त्यात एक पेला दूध हळूहळू घालून ते घट्ट होऊ द्यावे. मग आच बंद करावी आणि त्यानंतरच पन्नास-साठ ग्रॅम किसलेले चीज मिसळावे. मैद्यातील पिष्टमय कण केसीनला परस्परांत गुंतू देत नाहीत, म्हणून हा सॉस फुटत नाही. हिवाळ्यात दिल्लीच्या मंडईत उत्तम फ्लॉवर व मटार येतात. ते वाफवून त्यांवर हा सॉस घातला की मुलांना भाजी खाण्यास वेगळे सांगावे लागत नाही.

सॉसमध्ये चीजचे दोर होऊ लागले तर लिंबाचे चार थेंब पिळावेत. लिंबातील सायट्रिक आम्ल थोडे कॅल्शियम बांधून घेते व दोर सुटतात. स्वित्झर्लंडमधील फोंड्यू या वितळलेल्या चीजच्या पदार्थात आंबट वाइन घालतात, त्यामागेही असेच कारण आहे.

पराठ्यात निव्वळ चीज भरले तर ते लाटीच्या फटीतून वाहून जाते. दोन भाग कुस्करलेले पनीर आणि एक भाग किसलेले चीज घेतले तर पनीर आकार राखते व चीज सारण बांधून ठेवते.

ओळख आणि सावधगिरी

आता मूळ मुद्द्याकडे परत येऊ. चीज व पनीर महाग आहेत, म्हणून त्यांची नक्कल होते. दुधाचा स्निग्धांश काढून त्याजागी पामतेल किंवा अन्य वनस्पतितेल घातलेले पदार्थ बाजारात आहेत. असा पदार्थ त्याच्या खऱ्या नावाने विकणे हा गुन्हा नव्हे, परंतु तो चीज किंवा पनीर म्हणून विकणे कायद्याला मंजूर नाही. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा आता अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याने घेतली आहे. त्याखालील नियमांनुसार पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांहून अधिक नसावे आणि शुष्क भागात दुधाचा स्निग्धांश निदान ५० टक्के असावा. वेष्टन असेल तर घटकांची यादी वाचावी. तीत वनस्पतितेलाचे नाव असल्यास तो पदार्थ निव्वळ दुधाचा नाही. हॉटेलच्या ताटावर मात्र वेष्टन नसते. दिल्ली व आसपासच्या जिल्ह्यांत सणासुदीला बनावट पनीर व खवा जप्त झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्या विसरू नयेत.

पनीरमध्ये पिष्ट मिसळले आहे का, हे घरी पाहता येते. छोटा तुकडा पाण्यात उकळून थंड करावा व त्यावर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर पिष्ट आहे असे समजावे. तपासलेला तुकडा अर्थातच खाऊ नये. तयार किसलेल्या चीजमध्ये कीस चिकटू नये म्हणून पिष्ट घालण्याची प्रथा आहे, त्यामुळे तेथे निळा रंग म्हणजे भेसळच असे नव्हे.

शाकाहारी कुटुंबांना आणखी एक शंका असते. जुन्या पद्धतीचे रेनेट वासराच्या जठरातून काढीत असत. आज बुरशीपासून मिळणारे किंवा सूक्ष्मजीवांकरवी तयार केलेले विकर सर्रास वापरतात. भारतात विकल्या जाणाऱ्या चीजच्या वेष्टनावर हिरवी खूण असेल तर ही शंका उरत नाही. परदेशातून आणलेल्या चीजबाबत मात्र विचारून घ्यावे.

रक्तदाबाच्या रुग्णांनी एवढे ध्यानात ठेवावे की प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये मिठातून आणि पायसकारी क्षारांतून असे दोन्हीकडून सोडियम येते. त्यांना ताजे, बिनमिठाचे पनीर अधिक सोयीचे.

घरी करून पाहण्याचा प्रयोग

शेवटी वाचकांनी एक प्रयोग अवश्य करावा. एकाच आकाराचे तीन तुकडे घ्यावेत: एक पनीरचा, एक प्रक्रिया केलेल्या चीजचा आणि एक मोझरेलाचा. ते कोमट तव्यावर अंतराने ठेवावेत, झाकण घालावे आणि दर दोन मिनिटांनी पाहावे. पनीर पाणी सोडील, तळाशी तांबूस होईल, पण आकार सोडणार नाही. प्रक्रिया केलेले चीज कडांनी गोलसर होऊन मऊ पडेल. मोझरेला पसरेल आणि काट्याने उचलताच तार धरील. त्यांतील पनीर उतरवून भाजीत घालावे, बाकीचे दोन पावावर घ्यावेत.

तिन्ही तुकडे दुधाचेच, तवाही एक आणि आचही एक. फरक केवळ दूध कसे साकळविले याचा आहे. ज्या गृहिणीचे पनीर त्या दिवशी वितळले नाही, तिने दूध नीट उकळले होते, लिंबू बरोबर पिळले होते आणि उत्तम पनीर केले होते. तिला हवे होते ते मात्र दुसऱ्या वाटेने मिळणारे होते.